शेवटच्या कडव्यातलं नाव

रूबेन गेल्याचं मला कारखान्याच्या कँटीनमध्ये कळलं, सहकाऱ्याने पुढे सरकवलेल्या स्थानिक वर्तमानपत्रातून. चार ओळी. ‘एका अमेरिकन सोल बँडचे माजी ट्रम्पेटवादक.’ एका! ज्या बँडच्या गाण्यांवर अर्धी दुनिया नाचली, त्यात एकोणीस वर्षं छाती फुटेस्तोवर वाजवलेल्या माणसाची ही ओळख? जेवण तसंच टाकून मी उठलो. दोन महिने झाले, राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

इथे जर्मनीत, नेकारसुल्मला माझी मुलगी ईशा म्युझिकशूलेत, म्हणजे गावच्या संगीतशाळेत, त्याच्याकडे ट्रम्पेट शिकायची. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी मोठ्या हौशीने त्याच्याच बँडची जुनी रेकॉर्ड सहीसाठी पुढे केली. कव्हरवर चमचमत्या कोटातले पाच गायक, वाजवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नाही. रूबेनने पेन घेतलं आणि मागच्या बाजूला सावकाश लिहू लागला... सॅक्सोफोन कोण, ट्रोम्बोन कोण, ड्रम कोण. कुणीही सही मागितली की तो आधी हे करायचा. मी विचारलं, “आणि तुझं?” “मी समोर बसलोय की! चहा गार होतोय,” तो म्हणाला. मीही हसून पेन परत घेतलं.

बँडची कहाणी तो हसत सांगायचा आणि चिडायचो मी. साठच्या दशकात चर्चच्या तळघरात जमलेली पोरं ती. पुढे गायक बदलले, काही वारले, बँडचं नाव मॅनेजरच्या मालकीचं झालं आणि गाडी चालतच राहिली. जर्मनीच्या दौऱ्यात रूबेनचा ओठ फाटला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर वाजवायचं नाही. बस त्याला हॉस्पिटलात सोडून पुढे गेली. तिसऱ्या दिवशी त्याने टीव्हीवर पाहिलं, तर त्याचा कोट घालून दुसराच माणूस त्याची सुरावट वाजवतोय! “बाह्या आखूड पडत होत्या त्याला,” एवढंच त्याचं म्हणणं. बँडकडून परत बोलावणं आलंच नाही, तो इथेच राहिला. मी म्हणालो, “अरे, तुला संताप कसा येत नाही?” तर म्हणतो, “आल्झो... म्हणजे कसं, पोरगा वाजवत चांगला होता.”

माझे आजोबा नांदेडकडे जलशात गाणी रचायचे, गायचे. चौदा एप्रिलला, आमच्या जयंतीला, इथल्या मराठी मंडळींनी त्यांचं एक गाणं म्हटलं, तेव्हा रूबेन माझ्या शेजारी बसला होता. मी त्याला सांगितलं, आमचे शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतात. छापणाऱ्याने गाळलं तरी गाणाऱ्याला ते घ्यावंच लागतं. तो म्हणाला, “हे आम्हाला कुणी शिकवलं असतं तर...” त्याच्या तोंडून तक्रारीचा सूर मी तेवढाच ऐकला.

गेल्या महिन्यात तोच बँड शेजारच्या शहरात आला, पन्नाशीचा सोहळा करायला. मंचावरून रूबेनचं नाव एकदा घ्या, एवढंच मी आधी लिहून कळवलं होतं. दाराशी मॅनेजर भेटला. “सर, सगळ्यांची नावं घेत बसलो तर गायचं कधी?” वर हसला! मंचावर मूळचा एकही माणूस नव्हता. पण पहिलं गाणं सुरू झालं ते रूबेनने बांधलेल्या ट्रम्पेटच्या सुरावटीने, आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. ईशाची बोटं हवेत तेच सूर दाबत होती. आम्ही मराठीत बोललो तरी ती उत्तर जर्मनमध्येच देते, तशीच ती ओरडली, “दास इस्ट रूबेन!” हे रूबेनचं आहे! पुढच्या रांगेतल्या बाई वळून तिला गप्प करू लागल्या. मग मीही ओरडलो, चक्क मराठीत, “हे रूबेनचं आहे हो!” कुणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेकॉर्ड बाहेर काढली. मागे रूबेनच्या अक्षरात सहा नावं. त्याचं नाव कुठेच नाही... वर्तमानपत्रावर, मॅनेजरवर, त्या बाईंवर आग पाखडत होतो, आणि माझ्याच घरातल्या कव्हरवर तो नव्हता. चहा गार होईल म्हणून मीच पेन परत घेतलं होतं. लाज वाटली. ईशाने पेन आणून दिलं. सहा नावांच्या खाली, शेवटचं कडवं जिथे येतं तिथे, मी लिहिलं: ट्रम्पेट, रूबेन प्रुइट.