तिसरी हाक

अंगात येणं, बाहेरचं लागणं, डोहातल्या आसरा, यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. माझे वडील मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, मराठी शिकवायचे. लोक काही म्हणोत, मला त्यांनी चौथी जमात पास होईपर्यंत घरी बसू दिलं नाही. ‘जे पाहिलं तेवढंच लिहावं,’ असं ते सांगायचे. म्हणून पाहिलं तेवढंच लिहिते आहे. तोंडानं सांगणं मला जमत नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही.

आमचं गाव पूर्णा नदीच्या काठाला आहे. ताडकळसच्या बाजाराला आम्ही पायीच जातो. गावाखाली नदीचं पात्र रुंद आहे. उन्हाळ्यात पाणी पलीकडच्या काठानं बारीक धारेत वाहतं आणि अलीकडच्या कोरड्या वाळूत लोक टरबुजाच्या वाड्या लावतात. आमची वाडी धारेला अगदी लागून, सगळ्यांत लांब. अलीकडे उंच दरड आहे आणि दरडीवर एक चिंच. चिंचेपासून वाडीतल्या खोपीपर्यंत चारशे दहा पावलं भरतात. ती मी नंतर मोजली. का मोजली ते पुढे येईलच.

आमच्याकडे पुराची एक रीत आहे. वरच्या गावच्या लोकांना पाणी चढताना दिसलं की ते काठावर येऊन हाकारा देतात. तो ऐकून आम्ही खालच्या गावाला द्यायचा. निजामाच्या राज्यात आगगाडी आली, तारा आल्या… पण नदीची खबर अजून माणसाच्या तोंडूनच येते.

दुसरी रीत सगळ्यांना माहीत आहे. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं. हळदीकुंकवाला उखाण्यात घेतात तेवढंच. मी तर उखाण्यातसुद्धा इतक्या हळू घ्यायचे की बायका म्हणायच्या, “हिनं नाव घेतलं का गिळलं?” या वहीतही मी यांचं नाव लिहिणार नाही. सवय नाही.

पाच वर्षांमागची गोष्ट. वैशाखातली भरदुपार. वर कुठे पाऊस झाला असेल असं मनातही येऊ नये, इतकं निरभ्र आभाळ. हे आणि शेजारचे केरबामामा वाडीत टरबुजं तोडत होते. मी दोघांच्या भाकरी घेऊन निघाले होते. डोक्यावर टोपली, आणि वारा समोरून फार, म्हणून पदर दातांत धरलेला. शेजारच्या रुक्माकाकू माझ्यासोबत होत्या, पण गुडघ्यामुळे बऱ्याच मागे राहिल्या होत्या.

चिंचेखाली आले तर वरच्या अंगाला दहा-वीस बैलगाड्या एकदम चालल्यासारखा आवाज. बघते तो वळणावरून पाणी येतंय! तांबडं, माणसाएवढं उंच, आणि पुढे काट्याकुट्यांचा ढीग ढकलत. हाकारा आलाच नव्हता. वरचं गाव त्या दिवशी सगळं एका लग्नाच्या पंगतीला गेलेलं होतं, हे मागून कळलं.

हे दोघं धारेजवळ, पाठमोरे, वाकलेले. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे. त्यांना काही पत्ता नाही.

मी काय केलं ते लिहिते. मी काहीच केलं नाही. टोपली खाली पडली एवढं आठवतं. हाक मारावी तर काय म्हणून मारू? ‘अहो’ म्हटलं तर अहो कोण? नाव ओठापर्यंत आलं की नाही, तेही सांगता येत नाही. जबडाच उघडेना. मी नुसती बघत उभी राहिले.

मग मी पाहिलं, हे सावकाश उभे राहिले. पण वळले नाहीत. जरा थांबले. मग एकदम माझ्याकडे वळून बघितलं, तिथून वर पाण्याकडे बघितलं, आणि केरबामामांचा दंड धरून पळत सुटले. ते दरडीच्या मुळ्या धरून वर चढले तेव्हा खोप, टरबुजं, वेल, सगळं पाण्यात फिरत चाललं होतं. मामांचं एक पायताण गेलं. माणसं वाचली.

तेवढ्यात रुक्माकाकू धापा टाकत आल्या. माझ्या दातांत अजून पदर होता. त्यांनी माझी हनुवटी दाबून तो ओढून काढला तर टरकन फाटला. त्या म्हणाल्या, “तोंडात हा बोळा, अन् हाक कुठनं मारलीस गं?”

“कुणी मारली?” मी विचारलं.

“तूच की! मागं मला ऐकू आली. धन्याचं नाव घेतलंस, दोन खेपा.”

मला वाटलं काकू उन्हानं काहीतरी बोलताहेत. पण हे आणि मामाही तेच सांगायला लागले. आवाज माझाच होता. आधी नाव, मग पुन्हा नाव, आणि तिसऱ्या वेळी… “ऐकू यायलंय का?”

केरबामामांना तर त्यावर हसायला विषयच मिळाला. पारावर बसून सांगायचे, “मागनं नदी यायलीय, अन् ही पोरगी इचारायलीय, ऐकू यायलंय का! अगं बाई, पाणी आलं म्हणावं, पळा म्हणावं! अन् आमाला ऐकू आलं नसतं तर तुला न्हाई म्हणून सांगायला कोण येणार होतं?”

यांनी मात्र मला एकटीला निराळंच सांगितलं. “दोन हाका झाल्या तरी मी वळलो न्हाई. भरदुपारी नदीत बाईचा आवाज, अन् तोही माझं नाव घेणारा… तू तर कधी नाव घेत न्हाईस. दोन हाकंला ओ देऊ नाही म्हणतात, भूत तिसरी हाक मारत न्हाई. म्हणून थांबलो. तिसऱ्याला ते ‘ऐकू यायलंय का’ आलं, तवा वाटलं, हे माणसाचं बोलणं हाय.”

म्हणजे तिसरी हाक आली नसती तर हे वळले नसते.

मी हाक मारली नव्हती. तीन माणसांनी ती ऐकली होती, आणि तिथेच असून मला मात्र ऐकू आली नव्हती. यापलीकडे मला काही कळत नव्हतं. मी फार विचार केला. चिंचेवर पोरगी-बिरगी कुणी होती का, पलीकडच्या काठावर कुणी बाई होती का, सगळीकडे विचारलं. कुणी नव्हतं.

पण घरात वेगळंच सुरू झालं. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. तरुणपणी नवरा गेला, हा एकच लेक. तो वाचला म्हणून त्यांनी मारुतीला नारळ फोडला, आणि घरी येऊन मला म्हणाल्या, “नाव घेतलंस?”

“नाही घेतलं, आत्याबाई.”

“अख्ख्या गावानं ऐकलं.”

“पदर दातांत होता हो.”

“पदर दाखवती मला!”

त्यानंतर यांना शिंक आली तरी माझ्याकडे बघायच्या. पायात काटा मोडला, “बघ, नाव घेतल्याचं हाय.” बैलानं शिंग मारलं, “घे अजून नाव.” दर वेळी मी ‘नाही’ म्हणायचे आणि दर वेळी त्या तोंड फिरवायच्या. यंदा आषाढात यांना हिवताप भरला. परभणीच्या दवाखान्यातून कोयनेलच्या गोळ्या आणल्या तरी महिनाभर ताप उतरत-चढत राहिला. आत्याबाईंनी माझ्या हातचं पाणी घेणं बंद केलं. यांच्या उशाशी बसून म्हणाल्या, “तू उठलास की हिला माहेरी पोचव. अन् आणायला जाऊ नको.” यांना तेव्हा बोलायची ताकदच नव्हती. मी चुलीपुढे बसून ऐकलं.

दिवाळीनंतर हे चांगले हिंडू-फिरू लागले. मला वाटलं, आता गाडी जुंपतील. मी लुगडी बांधूनही ठेवली. आणि एक दिवस दुपारी गाडी न जुंपताच म्हणाले, “चल नदीवर. खरं-खोटं करू.”

मला चिंचेखाली उभं केलं. म्हणाले, “मी खोपीच्या जागी जातो, पाठ करून उभा राहतो. तू जेवढा आवाज असंल तेवढ्यानं माझं नाव घे. दोनदा. ऐकू आलं तर मी हात वर करीन.”

“अहो, पण नाव…”

“मी घे म्हणायलोय ना? आईला आत्ताच सांगायचं न्हाई.”

ते निघाले आणि मी त्यांची पावलं मोजत राहिले. चारशे दहा. तिथे पाठ करून उभे राहिले. वारा त्या दिवशीसारखाच समोरून. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पदर खांद्यावर नीट घेतला आणि जन्मात पहिल्यांदा उखाण्याशिवाय त्यांचं नाव घेतलं.

हात वर झाला नाही.

दुसऱ्यांदा घेतलं. पोटातून, गळा खरवडेपर्यंत. आपला आवाज एवढा निघतो हे मला ठाऊक नव्हतं. तरी हात वर नाही. मला लहान मुलासारखा राग आला. एवढं सोवळं मोडून नाव घेतलं, आणि हे आपले खांबासारखे उभे… त्या रागात तोंडातून निघून गेलं,

“ऐकू यायलंय का?”

आणि मी मटकन खाली बसले.

बोलायचं म्हणून बोलले नव्हते. ते शब्द मनातही नव्हते. दोन हाकांना उत्तर आलं नाही की कुणीही जे विचारील, तेच विचारलं. पण पाच वर्षं गाव ज्या बोलण्याला हसलं ते बोलणं नेमक्या जागी बसलं होतं. पुरात कुणी असं विचारत नाही. असं विचारतं ते आज, इथे, या झाडाखाली उभं राहिलेलं माणूस. म्हणजे पाच वर्षांमागे त्या तिघांना पोचली ती हाक हीच, आजची.

हे परत आले. चेहरा मोकळा झालेला. “काईच ऐकू आलं न्हाई गं! म्हणजे त्या दिवशी तू हाक मारली असती तरी पोचली नसती. चल, आईला सांगतो.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “दोनदा नाव घेतलंस ना?”

“घेतलं,” मी म्हणाले. तिसरं सांगितलं नाही. ते फक्त इथे लिहिते आहे.

दिवेलागणीच्या आधी घरी पोचलो. हे बैलांना पाणी दाखवायला गोठ्याकडे वळले. आत्याबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. ‘आलो’ म्हणताना माझा बसलेला घसा ऐकून त्यांनी वर बघितलं आणि रोजचाच सवाल केला, “आता तरी खरं सांग. त्या दिवशी नाव घेतलंस का न्हाई?”

हे आत येऊन सगळं सांगणारच होते. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर आज पहिल्यांदा माझ्याकडे साक्षीदार होता. पण वडिलांचं सांगणं होतं, पाहिलं तेवढंच. मी म्हणाले, “घेतलं, आत्याबाई. दोनदा.”

त्यांचा हात सुपात थांबला. मला वाटलं, झालं, आता गाडी जुंपा म्हणतील. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि रिकामा तांब्या माझ्याकडे सरकवला.

“पाणी दे. लेकरू वाचलं माझं त्या हाकंनं… अन् तू न्हाई न्हाई करायलीस. पाच वर्षं लागली व्हय गं एवढं बोलायला?”

त्या हाकेचा उलगडा मला झालेला नाही, होईल असंही वाटत नाही. मी तांब्या भरून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “लागली.”