ताम्रकोटचा दरवाजा

पद्माकर मयेकर मूळचा देवगडचा. बावीस वर्षं तो बोटीवर होता, आणि बोट बंदराला लागली की शिडीपाशी पहारा त्याचाच. तिथला नियम एकच: ओळखपत्र नाही तर वर पाऊल नाही. एकदा खुद्द बोटीच्या मालकाला त्याने भर उन्हात अर्धा तास खाली उभं केलं. मालकाने रागावायचं सोडून पाठ थोपटली, आणि तिथेच सगळं बिघडलं. स्तुतीने माणूस फुगतो, आणि फुगलेला माणूस घरात मावत नाही.

आता बोट सुटली, पहारा सुटला नाही. परदेशात, वुडलँड्स वस्तीतल्या फ्लॅटवर बायको भाजी घेऊन आली तरी हा आतून विचारणार, "कोण?"

"मी."

"मी कोण?"

एकवीस वर्षांच्या संसारानंतर!

अशा माणसाला विनीताने, म्हणजे त्या बायकोनेच, आपल्या नाटकात द्वारपाल केलं. सहा महिने खपून तिने ते बसवलं होतं. ताम्रकोट नगराला राक्षसांचा वेढा पडलाय. मित्रराजाचा दूत सैन्य घेऊन येतो, राजमुद्रा दाखवतो, द्वारपाल महाद्वार उघडतो आणि नगर वाचतं. प्रयोग हौगांगच्या हॉलमध्ये होता. हॉल सहाला रिकामा करायचा होता.

साडेपाचला दूत आला. बिशानचा क्षितिज, आयटीवाला.

"द्वारपाला, दार उघड!"

"मुद्रा?"

क्षितिजने कमरपट्टा चाचपला. मुद्रा नव्हती.

"ती... वाटेत राक्षसांनी लुटली!"

"मग तू राक्षस नाहीस कशावरून?"

प्रेक्षक खदखदले. क्षितिज जवळ सरकून कुजबुजला, "काका, उघडा ना."

"इथे कोणी काका नाही."

बिचाऱ्याने अंगरख्याखालून ऑफिसचं कार्ड काढलं. पद्माकरने ते उलटसुलट पाहिलं, फोटो चेहऱ्याशी ताडला आणि परत दिलं. "यावर ताम्रकोटचं नाव नाही."

"अहो!" विनीता विंगेतून ओरडली. "पुठ्ठ्याचा दरवाजा आहे तो!"

"म्हणून तर जास्त जपायचा," तो मान न वळवता म्हणाला.

पावणेसहा झाले. दाराबाहेर ताटकळलेल्या सैन्याच्या मिशा घामाने गळायला लागल्या. सिंहासनावर महाराणी होती क्षिप्रा, त्याचीच बारा वर्षांची लेक. तिचा संयम सुटला. "बाबा, जस्ट ओपन लाह!"

"महाराणी, ओळख पटत नसेल तर आतल्या माणसाने दाराशी येऊन हमी द्यायची. बोटीवरही तेच होतं."

मराठीत विचारलं तरी इथलं 'लाह' लावून इंग्रजीत उत्तर देणारी ही पोर. ती सिंहासनावरून उतरली, घसरता मुकुट एका हाताने धरत दाराशी आली आणि एकेक शब्द जपून टाकत म्हणाली, "मी याला ओळखते. हा माझा माणूस आहे. आत घ्या."

पद्माकर कमरेत वाकला. अडसर सरकला.

सहाला सात मिनिटं कमी होती. राक्षसांना नीट मरायलाही वेळ मिळाला नाही. बरेचसे आपल्या पायांनीच निघून गेले.

घरी जाताना बसमधून उतरताना विनीताने तिकिटाच्या कार्डासाठी पर्समध्ये हात घातला, तर गार पितळ बोटांना लागलं. क्षितिजकडून हरवेल म्हणून सकाळी तिनेच मुद्रा काढून ठेवली होती. स्टॉपवर तिने ती नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

पद्माकरने ती दिव्याकडे धरली, दोन्ही बाजू तपासल्या.

"हं," तो म्हणाला, "खरी आहे."