मोटारीला लावलेली कणीक

मी वलगाव सोडलं त्या सकाळी लाइन आली. सामान जीपमध्ये चढलं होतं, काकू-मावश्यांचं रडणं आटोपलं होतं, सगळ्यांचे जयभीम घेऊन झाले होते, आणि बाबा कुठेच नव्हते. ते वावरात, विहिरीवर. हरभऱ्याला पाणी द्यायचं राहिलं होतं, आणि आमच्याकडे लाइन, म्हणजे वीज, ही लहरी पाहुणी. ती येईल तेव्हा उठून तिचं करावंच लागतं, मग घरात लग्न असो की लेक परदेशी निघालेली असो.

बाबा थेट बडनेरा स्टेशनवर उगवले, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. पँट गुडघ्यापर्यंत ओली, चपलांना काळी माती. फलाटावर प्रशांतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, घरची माणसं इस्त्रीच्या कपड्यांत उभी होती. सासऱ्यांनी बाबांच्या पँटीकडे पाहिलं आणि मी मान फिरवून चहाच्या टपरीकडे पाहिलं. गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीशी आले. "जाय बाई. मोटार भरून ठेवली हाय म्या. घरची फिकर करू नको."

लेकीला सातासमुद्रापार धाडताना बापाने द्यायचा निरोप हा! सासरच्या माणसांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जे गावातच राहिले त्यांना सांगायला नको, पण गाव सोडून बसलेल्यांची पोरं हे वाचतील त्यांच्यासाठी सांगते. मोटार म्हणजे विहिरीवरचा पंप. त्याच्या पोटात आधीच पाणी नसेल तर तो नुसता गरगरतो, विहिरीतलं पाणी ओढत नाही. लाइन येणार, तुम्ही बादलीनं पंप भरत बसणार, आणि तेवढ्यात लाइन जाणार. म्हणून पंप आदल्या दिवशीच भरून ठेवायचा आणि जिथून गळत असेल तिथं चिखल थापायचा, चिखल धरत नसेल तर घट्ट मळलेली कणीक. "मोटार कोरडी ठेवाची नाही," हे वाक्य मी बाराखडीच्या आधी ऐकलं असेल.

आता मी मिनेसोटात राहते, तळ्याकाठच्या एका लहान गावात. इथं हिवाळ्यात तळ्यावरून ट्रक जातात. पहिल्या वर्षी हे मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "फेकू नको." गेल्या साली ते उन्हाळ्यापासून थंडी पडेपर्यंत आमच्याकडे राहायला आले, आणि आल्या आल्या त्यांची शेजारच्या वॉल्टरशी गट्टी जमली. वॉल्टर बाबांच्याच वयाचे. त्यांच्याकडे एक जुनी ॲल्युमिनियमची बोट आहे आणि तिच्या मागच्या फळीला लटकवलेली, बोट ढकलणारी मोटार होती. वॉल्टर बोट हाकायचे आणि त्यांची बायको गळ टाकायची, असं त्यांचं आयुष्य त्या बोटीत गेलं. बायको वारल्यावर तिच्या जागेवर कोणी बसलं नव्हतं. तिथं माझे बाबा बसले. एकाला इंग्रजी येत नाही, दुसऱ्याला वऱ्हाडी, पण दोघं पहाटे निघायचे ते ऊन चढल्यावर परतायचे. बाबा मला म्हणायचे, "मानूस चांगला हाय. उगाच बडबड नाही करत."

ऑक्टोबरात वॉल्टरनी बोट पाण्याबाहेर काढून ट्रेलरवर त्यांच्या अंगणात लावली. ते लेकीकडे जाणार होते, तेवढे दिवस बोटीकडे लक्ष ठेवायचं काम त्यांनी बाबांना दिलं आणि मोटारीपाशी उभं राहून समजावून सांगू लागले. सांगायला मध्ये मी. माझ्या एका कानात ऑफिसची मीटिंग चालू होती. वॉल्टर म्हणाले, ही मोटार कोरडी कधी चालवायची नाही, आतलं रबरी चाक जळतं. पण थंडीत मात्र हिच्यात थेंबभर पाणी राहता कामा नये, ते गोठून फुगतं आणि लोखंडसुद्धा फोडतं. म्हणून मी तिला अशी सरळ खाली सोडून ठेवली आहे, पाणी आपोआप गळून जातं. तिला उचलू नका.

एवढं सगळं ते बोलले. मी बाबांना सांगितलं, "ते म्हणतात, मोटार कोरडी नको पडायला. लक्ष ठेवा." आणि कानातल्या मीटिंगला उत्तर दिलं.

बाबांचा चेहरा फुलला. "पाह्य," ते म्हणाले, "मोटारीचं शास्त्र सगळीकडं एकच."

वॉल्टर गेले. बाबा रोज बोटीवरचा पाला झाडायचे. एकदा त्यांना मोटारीखाली ओल दिसली. मोटार गळते म्हटल्यावर त्यांच्यातला शेतकरी गप्प बसतो होय! त्यांनी मोटार उचलून आडवी केली, धुण्यासाठी जी नळी लावतात ती जागा शोधली, नळाचं पाणी सोडून तिला गच्च भरली आणि खालच्या फटी माझ्या स्वयंपाकघरातल्या कणकेनं लिंपून टाकल्या. त्या आठवड्यात घरात पोळीला कणीक कमी पडली, तेव्हा मी प्रशांतवर चिडले होते.

मग कडाक्याची थंडी पडली. वॉल्टर परत आले त्याच दुपारी त्यांनी मला बोलावलं. मोटारीचा खालचा भाग उभा तडकला होता आणि फटीतून बर्फ बाहेर आला होता. कणीक दगडासारखी झाली होती. तिच्यावर बाबांची बोटं जशीच्या तशी उमटलेली. वॉल्टरनी विचारलं, "हे काय आहे?"  पीठ आहे, हे इंग्रजीत कसं सांगतात ते मला काय माहीत नव्हतं? पण लाजेनं मी ती कणीक नखानं खरवडू लागले.

तेवढ्यात प्रशांतचं जाडजूड जॅकेट घालून बाबा आले. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. आमच्या घरी बाबांची एक शिकवण आहे, चूक झाली तर उभ्यानं सांगायची, वाकून नाही. ते वॉल्टरसमोर ताठ उभे राहिले आणि बोलू लागले.

"भाऊ, हे म्या केलं. आमच्या विहिरीवर मोटार भरून ठेवा लागते, नाहीतर ते पानी ओढत नाही. तेच इथं केलं. पानी लोखंड फोडते हे मले ठाव नव्हतं. पोरीनं बरोबरच सांगतलं असन, मीच अर्धं ऐकलं. तुमच्या घरधनिनीच्या वेळची मोटार होती, ते माह्या हातून गेली. काय भरून द्यावं ते मले समजून नाही राहिलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग त्याले."

मी इंग्रजीत म्हटलं, "त्यांना वाईट वाटतंय. चुकून झालं."

वॉल्टरनी मान हलवली. बाबांनी मला विचारलं, "इतकं बोललो मी. इंग्रजीत इतकंच होते का?"

थंडीनं नाक बधिर झालं होतं, तरी कान तापलेले मला कळत होते. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, विहीर, लाइन, कणीक, त्यांच्या बायकोबद्दल बाबा जे म्हणाले तेही. 'मीच अर्धं ऐकलं' इथं आले आणि थांबले. ते वाक्य मी तसं सांगितलं नाही. मी वॉल्टरना म्हटलं, त्यांनी पूर्ण ऐकलं होतं, मीच अर्धं सांगितलं. आणि तेच पुन्हा मराठीत बाबांना सांगितलं. ते जड गेलं.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मंग ठीक हाय. आता त्याले खरं समजलं."

वॉल्टर म्हणाले, आज मला कोणाशी बोलायचं नाही. एवढं बोलून ते घरात गेले. कोणी 'जाऊ द्या हो, मोटार काय, येते पुन्हा' असं म्हटलं नाही, आणि तसं म्हणावं अशी आमची लायकीही नव्हती. त्यानंतर बाबा अंगणात जायचे बंद झाले. खिडकीशी बसून ते त्या झाकलेल्या बोटीकडे बघायचे. विमानतळावर जायला निघालो तेव्हा शेजारचं दार उघडेल असं त्यांना वाटत होतं. प्रशांतला त्यांनी गाडी थोडी सावकाश काढायला सांगितली. दार उघडलं नाही.

वलगावात ही गोष्ट बाबांनी स्वतःच सांगितली आहे, आणि 'बोटीले कणीक लावली' म्हणून तुम्ही गावकरी पारावर हसता हे मला कळतं. खुशाल हसा. ते त्यात माझं नाव घेत नाहीत, म्हणून मी इथं घेतलं.

यंदा उन्हाळ्यात वॉल्टरनी कोणाची तरी वापरलेली मोटार आणून बोटीला बसवली. आमच्याशी बोलणं हाय-हॅलोपुरतं. ऑक्टोबरात एका सकाळी ते दारात आले. मी ऑफिसला निघालेली. म्हणाले, "वडलांना फोन लाव. मोटार कशी रिकामी करतात ते त्यांना बघू दे."

वलगावात तेव्हा दिवेलागण झालेली. बाबा व्हिडिओवर आले आणि त्यांना वॉल्टर दिसले. मग त्यांनी हात वर केला, वॉल्टरनीही केला. वॉल्टर एक वाक्य बोलायचे आणि माझं होईपर्यंत थांबायचे. मी शब्दन् शब्द सांगितला. मोटार खाली सोडली तसं पाणी भळाभळा आलं आणि माझी पँट भिजली.

"थेंब राह्यला का पाह्य," बाबा म्हणाले.

"नाही राहिला."

"पूर्ण सांगतलं ना मले?"

"पूर्ण सांगितलं, बाबा."

मग त्यांची नजर खाली गेली. "तुह्यी पँट ओली झाली, बाई. बदलून जाय ऑफिसात. लोकं पाह्यतात, अन् आपल्या मानसाले लाज वाटते."

म्हणजे बडनेऱ्याच्या फलाटावर मी मान फिरवली, ती त्यांनी पाहिली होती. इतकी वर्षं ते काही बोलले नाहीत, आणि आताही माझीच लाज राखायला बोलत होते.

माझं घर कुठलं, असं इथं लोक सारखे विचारतात, आणि मी अमरावती म्हणून मोकळी होते, वलगाव कोणाला समजवायचं म्हणून. त्या दिवशी ऑफिसात कोणीतरी माझ्या पँटीकडे पाहून काय झालं म्हणून विचारलं. मी पँट बदलली नव्हती. मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांना वलगावच्या विहिरीपासून सगळं सांगितलं, काही न गाळता.