बरं झालं, जावई वेगळा राहत नाही!

आधी आली ती आत्या. एकटीच! फोनवर "आमी दोघी येतो" म्हणाली होती, आणि दारात बघते तर एकटी उभी, हातात सोड्यांची, सुक्या कोळंबीची पिशवी...

आत्या म्हणजे आमच्या नातजावयाची, केदारची आत्या. उरणला असते. माझ्या नातीचं, मानसीचं लग्न तिनंच जमवलं. एरवी बोलायला लागली की आपल्याला तोंड उघडायला मिळत नाही. पण परवा खुर्चीच्या टोकावर बसली, चहा नको, पाणी नको... आणि खाली गेटवर कुणी रिक्षावाला सारखा हॉर्न मारतोय.

मी मनात म्हटलं, बाई काहीतरी पोटात घेऊन आलीय.

आता मागचं सांगते. मी दुसरीपर्यंतच शिकले, हे सगळं फोनला बोलून लिहितेय, चुकलं तर हसा आणि पुढे वाचा...

केदार अमेरिकेत असतो, तिथलाच नागरिक झालाय. लग्न इथे पनवेलला झालं, तो परत गेला आणि मानसी व्हिसासाठी मागे राहिली. नेमकी त्याची नोकरी सुटली. दुसरी लागली, पण पगार कमी. आणि तिथलं सरकार म्हणतं, बायकोला बोलावतोस तर दोघांचं भागेल एवढी कमाई दाखव. त्याच्या एकट्याची पुरेना.

माझा मुलगा लगेच म्हणाला, माझा पगार जोडा. पण इथला पगार तिथे चालत नाही म्हणे. केदारबरोबर एकाच घरात राहणारं घरचं माणूस असेल, तर त्याची कमाई जोडता येते. एवढं सांगून मानसी आत निघून गेली. मला वाटलं, रडायला गेली. कारण केदार तर वेगळा राहतो... एकटा...

हे आम्हाला आत्यानं लग्नाच्या बैठकीतच सांगितलं होतं. आमच्या सूनबाईंची, सुनंदाची, एकच अट होती. मुलगी नणंदेच्या घरात देणार नाही! तिला नणंदेचा फार अनुभव आहे म्हणे... आता तिची नणंद म्हणजे माझीच लेक, त्यामुळे या विषयावर मी जास्त लिहीत नाही.

मानसीला घेऊन भाजी आणायला खाली गेलं की बायका विचारायच्या, "काय आजी, जावई नेतोय ना नक्की?" पोरगी हसून उत्तर द्यायची, आणि घरी आली की गप्प. बघवत नव्हतं हो.

तर परवा आत्यानं एकदम हात जोडले. "विहीणबाई, मारायचं तर मला मारा. पोराचं तिकडं वेगळं घर नाय. पयल्यापासनं बहिणीकडंच ऱ्हातो. तुमची अट ऐकली नि माझ्या तोंडून निघून गेलं..."

सुनंदाच्या हातातली बशी हातातच राहिली. मी विचारलं, "अहो, पण वैशाली कुठेय? ती पण येणार होती ना?" वैशाली म्हणजे केदारची मोठी बहीण, सुट्टीला आलीय.

"खाली रिक्षात बसलीय. म्हणाली, आत्या, तू आधी जा, काकूंचा पारा बघ."

अगं बाई! अमेरिकेहून आलेली पोर आमच्या गेटवर, उन्हात, रिक्षात! मी गॅलरीतून अशी हाक मारली की तिच्याआधी अख्खी बिल्डिंग बाहेर आली...

वैशाली वर आली, घामाघूम. बस म्हटलं तरी बसेना. "काकू, केदारचा आणि माझा पगार मिळून सगळं होतंय. मी सही करायला तयार आहे. पण मग मानसी माझ्याच घरात येणार. तुम्हाला अंधारात ठेवून मी सही करणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर नको."

मानसी स्वयंपाकघराच्या दारात ओढणीचं टोक चावत उभी. तिला सगळं ठाऊक होतं! सुनंदा तिच्याकडे वळली. "व्हिडिओ कॉलवर मागे मुलं ओरडायची, ती शेजाऱ्यांची म्हणाली होतीस ना गं?"

"माझी आहेत काकू," वैशाली हळूच म्हणाली.

कुणी हसेना. मला तर हसू आवरत नव्हतं, पण माझी काय टाप... सगळं सुनंदाच्या एका शब्दावर अडलं होतं. ती म्हणाली काय, तर "तिकडे स्वयंपाक कोण करतं?"

"ज्याला सुट्टी तो. केदारपण करतो. भात तेवढा बिघडवतो."

सुनंदानं पदर डोळ्याला लावला. "माझ्या नणंदेनं मला कधी तिच्या मिक्सरला हात लावू दिला नाही. आणि ही स्वतःचा पगार लिहून द्यायला निघालीय..." मी पंख्याकडे बघत बसले. मग सुनंदाच म्हणाली, "कर बाई सही! आणि मानसीकडून काम करून घे, लाजू नकोस. आयतं बसायची सवय आहे तिला."

"आई!" मानसी ओरडली, आणि धावत जाऊन गळ्यात पडली ती आईच्या नाही हो, नणंदेच्या...

आम्ही पोरीसाठी नणंद नसलेलं घर शोधत होतो, आणि देवानं नणंदच धाडली तिला न्यायला. व्हिसाला अजून वेळ लागेल म्हणतात. लागू दे. वैशाली, तू हे वाचशील तेव्हा या म्हातारीचा आशीर्वाद घे...

जाताना वैशाली म्हणाली, मानसीची एक बॅग मी अमेरिकेला माझ्याबरोबर आधीच नेते, तेवढंच तिचं ओझं हलकं. ती बॅग न्यायला आत्या आणि वैशाली, दोघी येत्या रविवारी, सकाळीच येणार आहेत.