टोपण काढलंस का?

रूपाली कांबळेला नावं ठेवायचा पगार मिळतो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात ती तपासणी विभागात आहे. समोर आलेला लोखंडी भाग उचलायचा, उजेडात फिरवून बघायचा आणि कुठं चीर दिसली की खडूची फुली मारून बाजूला टाकायचा. ही सवय काही संध्याकाळी गेटवर जमा करून येता येत नाही. शेजारच्या बंगल्यावरचे सिमेंटचे सिंह, चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची गॉगलवाली तोंडं, सगळ्यांवर ती मनातल्या मनात फुली मारतच घरी येते. लोक तिला फटकळ म्हणतात, आणि ती आहेच फटकळ.

तिची सगळ्यात मोठी फुली घरातल्याच भिंतीवर होती. उचगावच्या त्या घरात आईचा, चिमणाबाईंचा, एकच फोटो होता. कुठल्याशा कार्डासाठी स्टुडिओत काढलेला आणि ती गेल्यावर ताणून मोठा केलेला. जिचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, ती बाई त्या फोटोत पोलिसांनी उभी केल्यासारखी दिसत होती. आई-आप्पांच्या लग्नातले फोटो असते तर गोष्ट वेगळी. पण लग्नात बोलावलेला फोटोग्राफर म्हणजे एक महान माणूस. त्याच्या जुन्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. लेन्सवरचं टोपण न काढताच त्यानं अख्खा रोल संपवला, जेवला आणि गेला. धुतल्यावर सगळं काळंकुट्ट.

त्या दिवसापासून आप्पांचा फोटोग्राफर जातीवरचा विश्वास उडाला. आप्पा म्हणजे बाळासो कांबळे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. चंदगडच्या घाटरस्त्यात पावसापाण्यात गाडी हाकली आणि वाटेत आडव्या आलेल्या प्रत्येकाची अक्कल काढली. कॅमेरा दिसला की आप्पा "थांब" म्हणून आत जायचे. निळा कोट, भांग, खिशाला पेन. मग खुर्चीत ताठ बसून दरडावून विचारायचे, "टोपण काढलंस का?" काढलं म्हटलं की श्वास कोंडून असा चेहरा करायचे, की पोटच्या पोरीनंही ओळखू नये. या वर्षी तर त्यांनी कहर केला. स्टुडिओत जाऊन स्वतःचा मोठा फोटो काढवून घेतला. केस कॉम्प्युटरवर काळे, गाल गुलाबी, मागं आभाळ. फ्रेम करून कपाटावर ठेवला आणि सांगितलं, "मी गेलो की ह्यो लावा, तुज्या आईशेजारी. मागनं पळापळ नको."

रूपालीनं त्या फोटोवर मनातल्या मनात लगेच फुली मारली. निवडणुकीला उभा राहिलेला कुणी गुलाबी गृहस्थ! आप्पा अठ्ठ्याहत्तरचे, वर्षभरात दोनदा चक्कर येऊन पडलेले. आई तर परकी होऊन भिंतीवर गेलीच होती, आता आप्पाही तसेच जाणार, या विचारानं तिची झोप उडाली. तिला खरे आप्पा हवे होते. चहात साखर कमी पडली म्हणून खालचा ओठ एका बाजूला ओढून सगळ्या जगाला मूर्खात काढणारे.

म्हणून तिनं कारखान्यातल्या एकाकडून वापरलेला कॅमेरा घेतला, आणि शिकायला म्हणून रविवारी रंकाळ्यावरच्या फोटोग्राफी ग्रुपमध्ये गेली. तिथं फुल्या मारायला खडू पुरला नसता. पंधरा पुरुष, पंधरा खिसेवाली जाकिटं. सगळे मिळून एकाच बगळ्यावर तुटून पडायचे आणि नंतर मिसळीवर कुणाची लेन्स किती लांब यावर तासभर बोलायचे. जोतिबाच्या यात्रेतला उधळलेला गुलाल प्रत्येकाकडं होता आणि प्रत्येकाचा हुबेहूब सारखा होता. घरच्या माणसाचा फोटो मात्र एकाकडंही नव्हता. ग्रुपचे म्होरके उदयसिंह. त्यांची लेन्स एवढी मोठी, की कॅमेराच तिच्या शेपटाला लावल्यासारखा वाटायचा.

"छोट्या लेन्सनं काय होतंय ताई?" ते म्हणाले. "झूम न्हाय, रुबाब न्हाय. माझी घिऊन जावा की दोन दिवस. लांबनं काढा, वडलांना पत्ता लागायचा न्हाय."

तिनं ती नेली. अंगणाच्या टोकाला, पेरूच्या झाडाआड उभी राहिली. लेन्स फांदीबाहेर येते न येते तोच आप्पा ओट्यावरून उठले. "थांब!" कोट, भांग, पेन. बाहेर येऊन खुर्ची उन्हात ओढली आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "टोपण काढलंस का?" रूपालीनं ती तोफ सोमवारीच परत केली.

मग तिनं तिच्या पद्धतीनं तपासणी केली. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या साध्या झूम लेन्सची कडी पन्नास मिलिमीटरच्या आकड्यावर आणून, हलू नये म्हणून तिला चिकटपट्टी मारली आणि आठवडाभर तशीच वापरली. आप्पांची खाट, चहाचं टेबल आणि टीव्ही एवढ्याच खोलीत आप्पांचं जग. पन्नासवर चेहरा तेवढा यायचा, हातातली बशी यायची नाही, आणि रूपाली मागं सरकली की पाठ कपाटाला टेकायची. पुढच्या आठवड्यात पट्टी पस्तीसवर मारली. आता माणूस, बशी आणि टीव्हीतला पुढारी, तिघंही बसले. फक्त ट्यूबलाइटच्या उजेडात सगळं हलल्यासारखं यायचं. म्हणजे पस्तीसच्या आसपासची, झूम नसलेली, जास्त उजेड आत घेणारी आणि परवडणारी लेन्स पाहिजे, इतकं पक्कं झालं. ग्रुपमधल्या पंधरा शहाण्यांपैकी एकानंही तिला विचारलं नव्हतं, की तुमची खोली केवढी आहे.

कॅमेऱ्याच्या दुकानात विक्रेत्या आरिफनं आधी तिला दोन मोठ्या झूम दाखवल्या. मग ती हटत नाही म्हटल्यावर खालच्या कप्प्यातून एक डबी काढली. "ही हाय बघा. पण लग्नवाले घेत न्हाईत. पावणं म्हनत्यात, फोटोग्राफर आला, लेन्स कुटं हाय?" लेन्स पेढ्याएवढी होती. पस्तीसची. कॅमेऱ्यावर लावली तरी लावल्यासारखी वाटेना. रूपालीनं ती सगळीकडून फिरवून बघितली, जन्माच्या सवयीनं चीर शोधली, आणि विकत घेतली.

संध्याकाळी ती खाटेसमोर बसली, तेव्हा आप्पा बशीतून चहा पीत होते आणि चष्मा उशाशी होता. तिनं कॅमेरा उचलला. ती "थांब" ऐकायच्या तयारीत होती, पण आप्पा हलले नाहीत. त्यांनी डोळे बारीक करून कॅमेऱ्याकडं बघितलं. पुढं काहीच आलेलं नाही, सगळं सपाट. त्यांचा खालचा ओठ हळूहळू एका बाजूला ओढला गेला.

"आगं, टोपण तरी काढ की आदी," ते म्हणाले. "त्या लग्नातल्या येड्याची नात शोबतीस. पन्नास वरसं झाली, अजून टोपण काढायचं कळंना झालंय लोकास्नी! शिकून कारखान्यात सायबीन झालीस व्हय?"

रूपालीनं बटण दाबलं, परत दाबलं. आप्पा बशी हलवत बोलत राहिले. आधी तो फोटोग्राफर, मग त्याला आणणारा मामा, मग टीव्हीतला पुढारी आणि शेवटी चहा, सगळ्यांचा उद्धार झाला. बोलता बोलता त्यांना चिमणाबाईंची आठवण झाली. काळा रोल बघून ती रडायच्या ऐवजी पोट धरून हसली होती. ते सांगताना त्यांचा ओठ तिरका होता तो तसाच राहिला आणि डोळ्यांत मात्र पाणी आलं. तेव्हाही तिनं बटण दाबलं.

नंतर तिनं चष्मा त्यांच्या हातात दिला आणि पडद्यावर तो शेवटचा फोटो दाखवला. आप्पांनी चष्मा चढवून कॅमेरा हातात घेतला.

"टोपण हुतं की."

"टोपण न्हवतं आप्पा. लेन्सच तेवढी हाय."

आता तोंड सुटणार म्हणून ती थांबली. आप्पांनी कॅमेरा खाली ठेवला. उठून कपाटावरची फ्रेम काढली, बाहीनं तिच्यावरची धूळ पुसली आणि त्या गुलाबी माणसाकडं, घाटात उलट्या बाजूनं आलेल्या ट्रकवाल्याकडं बघावं तसं बघितलं.

"ह्येला तुज्या आईनं कदी बघितल्याला न्हाय," ते म्हणाले. "ती वळखायची न्हाय. मगाचा त्यो लाव. त्या तोंडासंगट संसार केलाय तिनं."

रूपालीनं कॅमेरा परत हातात घेतला. तो फोटो तिनं मोठा करून बघितला, कडेपासून कडेपर्यंत. तिरका ओठ, बशी, ओले डोळे. आयुष्यात पहिल्यांदाच तिला नावं ठेवायला काही सापडेना.