गावाचा कोड, बाहेरचा नंबर

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन इंदूरला झालं. ताईने तिला दुपारच्या बसमध्ये बसवून मला कळवलं, "एका डोळ्यावर पट्टी आहे, दुसऱ्याने तिला आधीच कमी दिसतं. बऱ्हाणपुरात लालबागच्या स्टॉपवर उतरवून घे." घाईत आईचा मोबाइल ताईकडेच चार्जरला राहिला होता.

मी निर्धास्त होतो. बस कंपनीच्या इथल्या, सिंधीपुऱ्यातल्या ऑफिसला फोन केला की काम होतं, हे मला कॉलेजपासून ठाऊक. मी इंदूरला शिकत असताना आई याच ऑफिसातून डबा पाठवायची. मी तिथल्या लँडलाइनवर फोन लावायचो आणि काउंटरवरचे काका ओरडायचे, "आली रे तुझी भाकरी! ड्रायव्हरला सांगितलंय, स्टँडवर उभा राहा." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्या पदवीत त्या फोनचाही वाटा आहे.

आताचा नंबर नवा, पण सुरुवातीला कोड बऱ्हाणपूरचाच. एक दाबा, दोन दाबा करत शेवटी एक मुलगी बोलली. मी सगळं सांगितलं.

"जी सर, नोट कर लिया."

"काका हैं क्या?"

"कौन काका, सर?"

लालबागला थांबलो. वेळ टळली, बस आली नाही. पुन्हा लावला. या वेळी एक मुलगा होता. त्याने विचारलं, "सर, ये लालबाग कौन से शहर में पड़ेगा?"

माझं डोकं भणाणलं. तसाच गाडी हाकत ऑफिसात गेलो. काका तिथेच, त्याच खुर्चीत. डोक्यावरच्या पाटीवर तोच नंबर. त्यांच्यासमोर उभा राहून मी तो लावला. माझ्या कानात संगीत, त्यांच्या टेबलावर शांतता.

"इथे नाही वाजत बेटा," ते म्हणाले. "लँडलाइन काढून टाकली. परवा मीच हा नंबर लावून पाहिला, तर रेकॉर्डवरची बाई मलाच रांगेत उभं करते, म्हणते, आप कतार में हैं."

लँडलाइन म्हणजे एक तार आणि तिच्या टोकाला एक टेबल. फोन वाजला म्हणजे तिथेच वाजला. रस्ता खोदला की तो आठवडाभर मुका व्हायचा, हेही खरं. हा नंबर कुठल्याच टेबलावर नाही. कंपनी तो भाड्याने घेते, हव्या त्या गावाचा कोड लावते, आणि कॉल इंटरनेटवरून जिथे माणसं बसवली असतील तिथे जातो. जाऊ दे ना! एकाच वेळी दहा जणांचे फोन उचलता येतात, चांगलंच आहे. पण मग माझ्या गावाचा कोड कशाला? तो कोड पाहून मी विश्वास ठेवला. विकला गेला तो विश्वासच.

काका म्हणाले, "बस आता निरोप असल्याशिवाय गावात शिरत नाही. हायवेने सरळ जाते. पुढे इच्छापूरला बघ, तिथे चहाला थांबते."

आई तिथेच होती. चहाच्या टपरीच्या बाकड्यावर, पिशवी छातीशी धरून. ट्रक जाई तशी पदराने पट्टी झाकत होती.

"कंडक्टरला म्हटलं, लालबागला उतरव. तो म्हणे, ऑफिसातून काही निरोप नाही. तू ऑफिसात सांगितलं नव्हतंस का रे?"

"सांगितलं होतं, आई. दोनदा."

"कोणाला?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. सांगायला माझ्याकडे एकही नाव नव्हतं.