उजव्या कडेचा चंद्रभान

देवराव मिलच्या फुटबॉल संघात सेंटर हाफ खेळायचा. दिवसभर विणाई खात्यात माग चालवायचा आणि पाळी सुटली की थेट मैदान. उजव्या कडेने पळणारा चंद्रभान त्याच्याच खात्यातला, त्याच्याच चाळीतला. देवरावने मान वर न करता चेंडू टाकावा आणि चंद्रभानने तो पायात घेऊन गोलकडे सुटावं, असं सहा वर्षं चाललं होतं.

अडुसष्टच्या हंगामात बिनसलं. चेंडू चंद्रभानच्या डाव्या बाजूने निघून जायचा आणि हा आपला उभाच. लागोपाठ तीन सामने गेले. मग मिलच्या फाटकासमोरच्या हॉटेलात रोज वाद पेटू लागला.

"फॉरवर्डच मरतुकडे झाले बे आपले," खात्याचा मुकादम, रुपराव जॉबर म्हणायचा. "देवरावनं सोन्यासारखे पास द्याचे, अन् यायनं पाहत राहाचं!"

"पासच आडदांड देते तो," दुसरा कुणी अडवायचा. "माणसाच्या पायात द्यावा लागते. नुसता जोर काय कामाचा?"

हे दुसरं बोलणं देवरावला झोंबायचं. एका संध्याकाळी तो ताडकन उठला. "मी पास देऊ देऊ थकलो. घेनाऱ्याचे पायच गळले तं मी का करू? बसवा चंद्रभानले बाहेर!"

चंद्रभान कोपऱ्यातच बसलेला होता. त्याने अर्धा कप तसाच ठेवला आणि निघून गेला.

देवरावला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागायला जीभ वळेना. आठवडाभर दोघं एकाच खात्यात राबले, बोलले नाहीत. मग एका दुपारी पाळी सुटल्यावर देवरावला तो पुढे चालताना दिसला. रस्त्याच्या डाव्या कडेला हातगाडी उभी होती. भर उन्हात, चांगला शुद्धीतला माणूस, जाऊन तिच्यावर आदळला. देवराव धावला.

"काय झालं गा? दिसली नाई का गाडी?"

चंद्रभान गुडघा चोळत खालीच बसला. "समोरचं दिसते. बाजूचं नाई दिसत मले. नळीतून पाहून राहिलो असं वाटते. धंतोलीतल्या डॉक्टरले दाखवलं, तो म्हणे याले इलाज नाई, आनखी कमी होत जाईन." मग त्याने देवरावचा हात घट्ट धरला. "कोनाले सांगू नको. मिलले मालूम झालं तं उद्याच घरी बसवतील. दोन पोरी आहेत मले. माई शपथ आहे तुले."

देवरावने शपथ घेतली.

शनिवारी मनोहररावांनी खेळाडूंना बोलावलं. संघ तेच निवडायचे. चंद्रभानला वगळायचं त्यांचं ठरलंच होतं. देवराव उभा राहिला. "चूक माई आहे साहेब. मीच बेकार पास देऊन राहिलो. तो असते तिथं माया चेंडू पडतच नाई."

हॉटेलातला वाद त्या एका संध्याकाळी मिटला. देवराव बाहेर बसला. दोन सामन्यांनी चंद्रभाननेही गुडघ्याचं कारण सांगून खेळ सोडला. देवरावला मनातून हलकं वाटलं. हॉटेलात बोललेलं फिटलं, असं तो समजून चालला.

दिवाळीनंतर मागाच्या फिरत्या पट्ट्याने चंद्रभानचा डावा हात ओढून घेतला. चार बोटं गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याची बायको प्रेमिला बसली होती. तिने देवरावकडे पाहिलं. "भाऊजी, तुमाले मालूम होतं म्हने."

"हो."

"मले नाई सांगतलं त्यायनं. आज सांगतलं. तुमी तरी सांगाचं होतं. मी त्यायले मागावर जाऊ देलं असतं का?"

त्यानं शपथ घातली होती, हे देवरावच्या ओठांवर आलं. खरंच होतं ते. पण आत खाटेवर तो बँडेजात गुंडाळलेला हात होता.

चंद्रभानचं कुटुंब काटोलकडे प्रेमिलाच्या माहेरी गेलं. देवराव मिलमध्येच राहिला. सोन्यासारखा संघ यानेच पास नासवून बुडवला, असं नवी पोरं एकमेकांना सांगायची. त्याच्या कानावर यायचं. तो माग थांबवून तुटलेला धागा जोडत बसायचा.

सहा वर्षांनी तो एकदा काटोलला गेला. चंद्रभानला आता फक्त उजेड-अंधार कळत होता. पण आवाज ऐकताच त्याने देवरावला मिठी मारली. तासभर संघाचंच बोलला.

"मायासारखा राइट आउट भेटला का मग मिलले?"

"नाई गा. नाई भेटला."

प्रेमिलाने चहा दिला आणि ती आत गेली. निघताना दारातून तेवढं म्हणाली, "येत जा." देवराव हो म्हणाला, पण पुन्हा जायचा धीर त्याला झाला नाही. दर उन्हाळ्यात जाऊ म्हणायचा, आणि उन्हाळा सरायचा.

शहात्तरमध्ये थोरल्या पोरीच्या अक्षरातलं पोस्टकार्ड आलं. कावीळ झाली, आठ दिवसांत बाबा गेले. कार्ड पोचलं तोवर तेरवीही होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी खाडा करून देवरावने पहिली बस धरली. प्रेमिलाने दार उघडलं. तो उंबऱ्यातच थबकला. तिनेच त्याच्या हातातली पिशवी घेतली, त्याला आत बसवलं, आणि मग दोघंही खूप वेळ रडत राहिली.